कार्नाबी काकाकुवासाठी ढोली: पाइप सोपा, तळ अवघड

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात, गव्हाच्या पट्ट्यात, कार्नाबीचा काळा काकाकुवा सॅमन गम आणि वांडू या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. एवढी मोठी ढोली पडायला झाडाचं वय शंभरीच्या पुढे लागतं, आणि तशी झाडं शेतीसाठी केव्हाच तुटली. आज रोप लावून आजच्या पक्ष्याची सोय होत नाही, म्हणून ही कृत्रिम ढोली.

पक्षी साधारण ५५ सेंटिमीटर लांब. त्याच्यासाठी जाड भिंतीचा, काळ्या पॉलिथिलीनचा औद्योगिक पाइप घ्यायचा. आतला व्यास ३८ सेंटिमीटरच्या आसपास, उंची सव्वा मीटर. तोंड वरून उघडं ठेवायचं. पाऊस आत जाईल म्हणून झाकण लावायचा मोह होतो, तो टाळा. बाजूला भोक पाडलेल्या पेटीत गालाह (गुलाबी-राखाडी काकाकुवे) लगेच बस्तान मांडतात, मधमाश्याही येतात. वरून उघड्या ढोलीत हा त्रास कमी.

पाऊस आत येणारच, म्हणून सगळी अक्कल तळात लावायची. तळ भक्कम हवा आणि पाणी निथळून जायला हवं. त्यावर वीसेक सेंटिमीटर जाड लाकडी तुकड्यांचा थर द्यायचा. सुतारकामाचा बारीक भुसा फुकट मिळतो, पण तो पाणी धरून ठेवतो, चिखल होतो, आणि अंडं गारठतं. मादी २८-२९ दिवस एकटीच उबवते. नर तिला भरवतो, पण ओला तळ काही तो बदलत नाही!

पाइपची भिंत आतून गुळगुळीत, त्यावर नखं टिकत नाहीत. शिडी नसेल तर ढोली म्हणजे सापळाच. तोंडापासून तळापर्यंत जाड तारेची जाळी घट्ट बोल्टने बसवा. सैल जाळीत पाय अडकतो. जस्ताचा मुलामा असलेली जाळी नको. पक्षी ती चावतो आणि जस्त पोपटवर्गाला विषारी.

चावणं ही खोड नाही, घरटं करायची रीत आहे. मादी ढोलीच्या भिंती कुरतडते, तोच चुरा अंथरूण होतो. पाइपला कुरतडणार काय? म्हणून आत कठीण लाकडाच्या, साधारण ७ बाय ५ सेंटिमीटरच्या पट्ट्या उभ्या लावायच्या, तोंडाच्या वर थोड्या निघालेल्या, म्हणजे बसायलाही होतात. लाकूड रसायन न लावलेलंच हवं. पट्ट्या स्क्रूने लावा, खिळ्यांनी नको. त्या झिजतात आणि बदलाव्या लागतात.

जागा निवडताना चोखंदळ राहा: जिथे कार्नाबी आधीच विणीला येतात आणि जवळ पाणी व चारा आहे, तिथेच टांगा. नुसती ढोली टांगून पक्षी येत नाहीत. वीण जुलैत सुरू होते. पट्ट्या, जाळी, तळाचा थर आणि मधमाश्यांचं पोळं, एवढं त्याआधी तपासून घ्या. पिल्लू दहा ते बारा आठवडे आत असतं, त्या काळात शिडी लावून डोकावायची हौस आवरा.