जो जोन्सची झांज

‘व्हिपलॅश’ (2014) या सिनेमातले जॅझ शिकवणारे खडूस मास्तर विद्यार्थ्याला एक गोष्ट सांगतात. जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर पोरसवदा असताना वाजवताना चुकला, तेव्हा ड्रमर जो जोन्सनं झांज त्याच्या डोक्यावर भिरकावली, मुंडकं उडता उडता वाचलं, आणि म्हणून तो पार्कर झाला. ऐकायला झकास! पण जुन्या वादकांच्या आठवणींत ती झांज डोक्याकडे गेलेलीच नाही. 1936 साली, कॅन्सस सिटीच्या रीनो क्लबात, ती त्याच्या पायांशी खण्णकन पडली. अर्थ इतकाच की बाळा, उतर आता खाली. लोक हसले. क्लिंट ईस्टवुडच्या, पार्करच्याच आयुष्यावरच्या ‘बर्ड’ (1988) मध्ये ती हवेत गरगरत जाते, तीही पुन्हा पुन्हा. ‘व्हिपलॅश’पर्यंत मानेशी आली. आणखी एखादा सिनेमा निघाला तर पोराचं काही खरं नाही.

खरी गंमत त्यानंतरची, आणि ती कोणी दाखवत नाही. 1937 च्या उन्हाळ्यात पार्कर ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर वाजवायला गेला. सोबत सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या रेकॉर्डी होत्या. त्यातले सोलो त्यानं ऐकून ऐकून सुरासुरानं उचलले. पुढे 1954 च्या मुलाखतीत त्यानं सांगितलं, तीन-चार वर्षं रोज 11 ते 15 तास रियाझ केला. आता एकच तुकडा शंभरदा घोटणारा मुलगा पडद्यावर कोण बघणार? त्यापेक्षा नशेची सुई बरी, दारू बरी. वयाच्या 34 व्या वर्षी गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी पन्नाशी उलटलेला समजावं, हे तर पटकथेला आयतंच. ‘व्हिपलॅश’मध्ये रियाझ आहे म्हणा, पण तोही रक्ताळलेल्या हातांचा.

‘बर्ड’मध्ये पार्करच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून फक्त त्याचा सॅक्सोफोन वेगळा काढला आणि साथीला नवे वादक बसवले. फॉरेस्ट व्हिटेकर जीव ओतून काम करतो, कान चित्रपट महोत्सवात बक्षीसही मिळालं त्याला. तरी वाजतो तो पार्कर आणि बोटं फिरतात व्हिटेकरची, हे एकदा जाणवलं की सुटत नाही.

म्हणून मला बर्ट्रांड टॅव्हर्निएचा ‘राउंड मिडनाइट’ (1986) आवडतो. दारू तिथंही आहेच. पण पॅरिसमधला तो थकलेला वादक झालाय डेक्स्टर गॉर्डन: साडेसहा फुटी, घोगरा, स्वतः चौदा वर्षं युरोपात काढलेला खराखुरा सॅक्सोफोनवाला. संगीतही चित्रीकरणाच्या वेळीच, सेटवर वाजवून घेतलेलं. तो श्वास घेतो, थांबतो, पुढचा सूर लावावा की नाही याचा विचार करतो, आणि कॅमेरा चक्क वाट बघतो. गॉर्डनला अभिनयाच्या ऑस्करचं नामांकन मिळालं, ऑस्कर नेलं पॉल न्यूमननं. संगीताचं मात्र हर्बी हॅनकॉकला मिळालं.

चैतन्य ताम्हाणेंनी ‘द डिसायपल’साठी एखाद्या नटाच्या हाती तानपुरा न देता आदित्य मोडक या गाणाऱ्यालाच कॅमेऱ्यापुढे बसवलं, तेव्हा मला पहिला आठवला तो गॉर्डनच.