दहा कुटुंबांना एक नांगर

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात नव्याने आलेल्या माणसाच्या कानावर लवकरच एक वाक्य पडते, की इथल्या मूळ रहिवाशांना सरकार सगळे फुकट देते आणि तरीही ते शेतीत किंवा व्यवसायात पुढे येत नाहीत. हे वाक्य मी कामाच्या ठिकाणी ऐकले आहे आणि, खेद वाटतो, पण आपल्या मराठी मंडळींच्या घरीही ऐकले आहे. ते बोलणाऱ्यांच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो. त्यांना इतिहास कोणी सांगितलेला नसतो. परंतु कॅनडाचे नागरिकत्व घेताना उच्चारायच्या शपथेत 2021 पासून फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी या तीन मूळ रहिवासी समूहांच्या तहांतील हक्कांचा उल्लेख आहे. त्या तहांत काय लिहिले होते आणि पुढे त्याचे काय झाले हे ठाऊक नसताना ती शपथ घेणे मला योग्य वाटत नाही.

ज्या रेजायना शहरात मी राहते, ते सरकारने मूळ रहिवाशांशी केलेल्या तहांपैकी चौथ्या तहाच्या, म्हणजे 'ट्रीटी फोर'च्या क्षेत्रात येते. हा तह 15 सप्टेंबर 1874 रोजी क्वपेल खोऱ्यात झाला. एका बाजूला ब्रिटिश राणीच्या वतीने आलेले अलेक्झांडर मॉरिस होते आणि दुसऱ्या बाजूला प्रामुख्याने क्री व सोटो समाजांचे प्रमुख होते. त्याआधी चारच वर्षांपूर्वी फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने या विस्तीर्ण प्रदेशावरचा आपला दावा कॅनडाकडे सोपवला होता आणि त्याच्या बदल्यात तिला तीन लाख पौंड मिळाले होते. जमीन आमची असताना पैसे कंपनीला कसे मिळाले, ते आम्हाला मिळायला हवेत, असे पास्क्वा या प्रमुखाने वाटाघाटींत रोखठोक सांगितल्याची नोंद आहे. तह अखेर झाला, कारण रानगव्यांचे कळप झपाट्याने संपत चालले होते आणि पुढच्या पिढ्यांनी जगायचे कशावर, हा प्रश्न प्रमुखांसमोर उभा होता.

उत्तर शेती हेच होते, आणि तहात त्याची तरतूदही होती. पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल जमीन, शेती करणाऱ्या दर दहा कुटुंबांना एक नांगर आणि दोन कुळव, मोडून लागवडीखाली आणलेल्या रानापुरते बियाणे आणि प्रमुखाकडे सर्वांच्या उपयोगासाठी एक बैलजोडी असे त्यात लिहिलेले आहे. याशिवाय प्रत्येकाला दरवर्षी पाच डॉलर मिळायचे होते. ते पाच डॉलर आजही मिळतात, आणि आजही पाचच मिळतात. 'फुकटच्या पैशां'विषयी बोलणाऱ्यांनी एवढा तपशील तरी लक्षात ठेवावा. आयकराची सवलतही मुख्यतः रिझर्व्हवरील, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या जमिनींवरील, मालमत्तेला आणि उत्पन्नाला लागू आहे. रेजायनातल्या नोकरीचा पगार घेणारा फर्स्ट नेशन्सचा माणूस सहसा माझ्यासारखाच कर भरतो.

अवजारे उशिरा आली, अपुरी आली, आणि काही ठिकाणी आलीच नाहीत. तरीही 1880 च्या दशकात अनेक रिझर्व्हवरच्या शेतकऱ्यांनी रान मोडले, गहू पिकवला आणि पैसे एकत्र करून कापणीची यंत्रे विकत घेतली. आजूबाजूच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी तक्रार केली, की ही स्पर्धा आपल्यावर अन्याय करणारी आहे. त्यानंतर 1889 पासून हेटर रीड या अधिकाऱ्याने जे धोरण राबवले, त्याबद्दल प्रथम वाचले तेव्हा मला ते खरे वाटेना. रिझर्व्हवरच्या शेतकऱ्याने यंत्रे वापरू नयेत, बी हाताने पेरावे, पीक विळ्याने व कोयत्याने कापावे, पेंढ्या गवताच्या दोराने बांधाव्यात आणि दाणे जात्यावर दळावेत, असे ते धोरण होते. माणसाने आधी साधा कष्टकरी शेतकरी व्हावे आणि मगच यंत्राकडे वळावे, हे त्यामागचे समर्थन होते. ज्या प्रदेशात उन्हाळा आखूड असतो आणि पीक उभे असतानाच हिमकडाका पडू शकतो, तिथे हाताने कापणी करायला लावणे म्हणजे पीक वाया घालवण्याची व्यवस्था करणे होय. यंत्राशिवाय काम होणार नाही असे काही स्थानिक अधिकाऱ्यांनीच वर कळवले, पण ऐकले गेले नाही.

जे पिकले तेही मनाप्रमाणे विकता येत नव्हते. मूळ रहिवाशांसाठीच्या 'इंडियन अॅक्ट' या कायद्यात 1881 साली झालेल्या दुरुस्तीनंतर धान्य विकायला सरकारी एजंटची परवानगी लागू लागली. या परवान्यांचा वापर केव्हाच बंद पडला होता, पण ते कलम कायद्यातून निघाले 2014 साली. मेटींच्या 1885 च्या उठावानंतर रिझर्व्हबाहेर जायलाही एजंटने सही केलेली चिठ्ठी मागितली जाऊ लागली. तिला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता आणि हे अधिकाऱ्यांनाही माहीत होते, तरीही ती पद्धत अनेक दशके चालली.

जमिनीचे प्रकरण याहून वेदनादायक आहे. त्या काळी बाहेरून आलेल्या वसाहतकऱ्याला दहा डॉलर शुल्क भरून 160 एकर जमीन मिळत असे. मूळ रहिवाशांना या योजनेतून 1876 च्या 'इंडियन अॅक्ट'नेच वगळले होते. रिझर्व्हची जमीन सरकारच्या नावे असल्यामुळे ती तारण ठेवता येत नव्हती, आणि तारणाविना बँकेचे कर्ज मिळणे आजही तिथे कठीण आहे. पुढे त्या जमिनींचेही लचके तोडले गेले. रेजायनाच्या पूर्वेला काउएसिस फर्स्ट नेशन आहे. तिथल्या प्रमुखाने 1874 च्या तहावर खूण केली होती, आणि 1907 साली त्याच समाजाला आपल्या रिझर्व्हचा मोठा भाग सोडून द्यावा लागला. अशा व्यवहारांविरुद्ध न्यायालयात जावे म्हटले, तर 1927 पासून 1951 पर्यंत सरकारच्या संमतीशिवाय दाव्यासाठी पैसे गोळा करणे हाच गुन्हा होता, त्यामुळे वकील लावणे जवळजवळ अशक्य झाले.

याच काउएसिसच्या भूमीवर मरिव्हल निवासी शाळा, म्हणजे मूळ रहिवाशांच्या मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवणारी शाळा, सुमारे शंभर वर्षे चालली आणि 1997 मध्ये बंद झाली. तिथल्या दफनभूमीत 751 निनावी कबरींच्या खुणा आढळल्याचे या समाजाने जून 2021 मध्ये जाहीर केले. 'इंडियन अॅक्ट'च्या 1920 च्या दुरुस्तीने अशा शाळांत मुले पाठवण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. मुलांना त्यांची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. ज्यांचे बालपण आईवडिलांविना गेले, त्यांना आपल्या मुलांचे संगोपन कसे करायचे हे पाहायलाच मिळाले नाही, आणि मग त्याच कारणावरून सरकारी यंत्रणा त्यांची मुले काढून नेऊ लागली. 2021 च्या जनगणनेनुसार देशातील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत मूळ रहिवाशांची मुले 7.7 टक्के आहेत, पण आईवडिलांपासून काढून दुसऱ्या कुटुंबांत सांभाळायला ठेवलेल्या मुलांत त्यांचे प्रमाण 53.8 टक्के आहे.

अलीकडे या तहक्षेत्रांतील अनेक समाजांना, न मिळालेल्या अवजारांची आणि जनावरांची भरपाई म्हणून मोठ्या रकमा मंजूर झाल्या आहेत. लोक या भरपाईच्या दाव्यांना 'काऊज अँड प्लाऊज', म्हणजे 'गाई आणि नांगर', म्हणतात. बातमीत फक्त रक्कम दिसते आणि चर्चा पुन्हा फुकटच्या पैशांवर येते, पण ते एका लेखी कराराचे थकलेले देणे आहे. काउएसिसने 1990 च्या दशकात झालेल्या जमीनविषयक करारातून मिळालेल्या पैशांनी पुन्हा जमिनी घेतल्या, आणि रेजायनाजवळ पवन व सौर ऊर्जेचे प्रकल्प उभारले. त्यांनी मुलांच्या संगोपनाविषयीचा स्वतःचा कायदा केला, आणि जुलै 2021 मध्ये त्याबाबत केंद्र आणि प्रांत सरकारांशी करार केला. या समाजातील एखादे मूल अडचणीत असेल तर त्याने कोणाकडे राहावे, हे ठरवण्याचा अधिकार आता त्यांच्याच संस्थेकडे येत आहे.