बराक रात्री तापते

विदर्भातल्या तुरुंगात उन्हाचा खरा त्रास बराकीला, म्हणजे कैदी एकत्र झोपतात त्या दालनाला, टाळं लागल्यावर सुरू होतो. उन्हाळ्याचं नियोजन मात्र दुपारचं असतं: कामाच्या वेळा बदला, मैदानात मांडव घाला, कोर्टाच्या तारखेला जाणाऱ्यांना पाणी द्या. सगळं बरोबर आहे. पण दुपारी दोनला तापलेल्या 15 सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबची उष्णता आतल्या बाजूला पोहोचायला चार-पाच तास लागतात, आणि जाड दगडी भिंतीला त्याहूनही जास्त. म्हणजे संध्याकाळची गिनती (कैद्यांची मोजणी) होऊन बंदी आत जातात त्याच सुमाराला छत आतून सर्वाधिक तापलेलं असतं. त्यात माणसांची ऊब मिळते. झोपलेला माणूस साधारण 70-80 वॅट उष्णता बाहेर टाकतो. शंभर जण कोंबले की चार रूम हीटर रात्रभर चालू ठेवल्यासारखं होतं.

म्हणून पहिला खर्च थर्मामीटरचा. हवामान खात्याचा आकडा बराकीला लागू पडत नाही. आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, खिडकीपासून आणि पंख्याच्या झोतापासून लांब असा आर्द्रताही दाखवणारा मापक लावावा आणि संध्याकाळी सहा, रात्री दहा व दोनला नोंद घ्यावी. आकडा वहीत उतरला की कोणती बराक आधी रिकामी करायची हे भांडणाविना ठरतं. टेक्सासच्या वॉलेस पॅक तुरुंगाच्या खटल्यात न्यायाधीश कीथ एलिसन यांनी 2017 मध्ये उन्हाचा धोका जास्त असलेल्या कैद्यांच्या राहण्याच्या जागेत उष्मा निर्देशांक (तापमान आणि आर्द्रता मिळून अंगाला जाणवणारी उष्णता) 88 फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 31 सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका असा आदेश दिला होता. आपल्याकडे असा आकडा ठरवायचा तरी आधी मोजमाप हवं.

छताला चुना लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणाराही. गच्ची खरवडून, झाडून, धुऊन घ्यायची. चुना रात्रभर भिजवून गाळायचा, त्यात चिकटवण्यासाठी डीडीएल किंवा तत्सम द्रावण मिसळायचं आणि दोन हात मारायचे. काम सकाळी लवकर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. भर उन्हात तापल्या स्लॅबवर लावलेला चुना पाणी धरायच्या आत सुकतो आणि आठवड्यात पापुद्रे निघतात. मे महिन्यात साहेबांची भेट ठरली म्हणून घाईने मारलेल्या चुन्याचं हेच होतं. पावसात तो धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा.

कूलरबाबत एक गैरसमज हटत नाही: खिडक्या बंद केल्या की गारवा टिकतो. उलट, आत आलेली ओली हवा बाहेर पडली नाही तर तासाभरात बराकीचं न्हाणीघर होतं. 20 मीटर लांब, 6 रुंद, साडेचार उंच अशी बराक धरा. तासाला तीस वेळा हवा बदलायची तर तासाला सुमारे 16,000 घनमीटर हवा लागते, आणि समोरच्या बाजूचे झरोके उघडे लागतात. कोरड्या मे महिन्यात एवढ्या हवेला तासाला साधारण 100 लिटर पाणी लागतं, म्हणजे रात्रीत हजार-बाराशे. ही तजवीज नसेल तर मध्यरात्री टाकी कोरडी पडते आणि कूलर नुसती गरम हवा फेकतो. जूनमध्ये पाऊस लागला की पंप बंद करून फक्त पंखा चालवावा. ठाणे, तळोजा, आर्थर रोड इथे दमट हवेत कूलरवर पैसे घालूच नयेत. तिथे पंखे आणि माणसं कमी करणं, एवढंच हातात आहे.

पंख्यालाही मर्यादा आहे. हवा 40च्या आसपास गेली की कोरड्या अंगावरचा वारा शरीर तापवतो. अंगावर ओला पंचा किंवा ओढणी असेल तरच उपयोग. वीज गेल्यावर काय, याचं उत्तरही आधी हवं. बीएलडीसीचे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) दहा पंखे जेमतेम 350 वॅट घेतात. 12 व्होल्टच्या 150 अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर ते तीन-साडेतीन तास निघतात.

पाण्यासाठी माठ. माणशी रात्रीचे तीन लिटर धरले तर साठ जणांना 180 लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे बारा माठ. फुटक्या खापराची भीती म्हणून सुरक्षेवाले नाही म्हणतात. मग माठ गजांबाहेर व्हरांड्यात तिवईवर ठेवा आणि नळी आत घ्या. बोअरच्या जड पाण्याने माठाची छिद्रं बुजतात, त्यामुळे मागच्या वर्षीचा माठ गार करत नाही. आणि संडास कमी असले तर पाणी असूनही लोक पीत नाहीत. रात्री रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून संध्याकाळपासूनच घोट मोजतात. आदर्श कारागृह नियमावली (2016) रात्रीसाठी दहा जणांमागे एक संडास सांगते. उन्हाळ्याच्या तपासणीत हा आकडाही बघावा.

कोणावर लक्ष ठेवायचं, याची यादी दवाखान्याच्या औषधवहीतून निघते. मानसोपचारात दिली जाणारी क्लोरप्रोमाझिन, ओलान्झापिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, लिथियम; शिवाय लघवीच्या गोळ्या आणि हृदयाचे ठोके कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल. ही औषधं घाम किंवा शरीराचा पाण्याचा तोल बिघडवतात. औषध परस्पर बंद करू नये, जागा बदलावी: छताखालच्या वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर. दुसरी यादी नव्या कच्च्या कैद्यांची. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्यात दारू अचानक सुटलेला माणूस असेल तर तो बरळतो, थरथरतो, घामाघूम होतो, आणि ‘दारूचं आहे, उतरेल’ म्हणून सोडून दिला जातो. ताप मोजल्याशिवाय असं म्हणू नये.

बरळणं, तोल जाणं, शुद्ध हरपणं आणि अंग भट्टीसारखं तापणं म्हणजे उष्माघात. घाम येत असला तरीही. अशा वेळी पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात ओआरएस ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. कपडे काढून त्याला ताडपत्रीवर झोपवा, चारही कडा उचलून धरा, बर्फ टाकलेलं पाणी ओता, हलवत राहा. ताडपत्री नसेल तर ओली चादर आणि जोराचा पंखा. आधी थंड करा, मग गाडीत घाला. शरीराचं तापमान अर्ध्या तासात 39च्या खाली यायला हवं.

हा अर्धा तास बहुधा चावीत जातो. बराक उघडायला वरिष्ठांची परवानगी, दुसरा शिपाई, गेटवरची चावी, एवढं सगळं लागतं. तोवर आतल्यांनी काम सुरू केलेलं असलं पाहिजे. म्हणून ताडपत्री, दोन बादल्या आणि चादर बराकीच्या आतच असावी, बर्फाची पेटी व्हरांड्यात गजांतून हात पोहोचेल अशी, आणि प्रत्येक बराकीतल्या चार-पाच बंद्यांकडून मार्चमध्येच हे करून घेतलेलं असावं. हाक मारल्याची वेळ आणि टाळं उघडल्याची वेळ, दोन्ही रात्रीच्या नोंदवहीत वेगवेगळ्या लिहाव्यात.