जूनमधले मराठीचे तास

शाळा जूनच्या मध्याला उघडते, पण शिक्षकांची शाळा त्याआधीच भरते. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, पाठटाचणाची वही, हजेरीपट, शिवाय ऑनलाइन भरायची माहिती, जी भरताना साइट हमखास बंद पडते. आमची शाळा ठाण्यात, वागळे इस्टेटच्या बाजूला. इतकी वर्षं पाचवी ते सातवी शिकवल्यावर यंदा नववी-दहावीचं मराठी माझ्याकडे आलं.

खरी ओढाताण वेळापत्रकात झाली. "बाई, आधी गणित-विज्ञान बसवू द्या, मग तुमचं बघू," हे वाक्य दर जूनला ऐकू येतं. उरलेले तास मराठीच्या वाट्याला, म्हणजे बहुधा शेवटचे, मुलं पेंगलेली असताना. यंदा मी हटून बसले आणि दहावीला आठवड्यातून एकदा सकाळचा जोडतास मिळवला. त्यापायी दोन ऑफ तास सोडले. सौदा वाईट नव्हता.

एक सल्ला सगळ्यांनीच दिला : उपयोजित लेखन घोटून घ्या. चूक नाही तो. कुमारभारतीच्या, म्हणजे दहावीच्या मराठीच्या, 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत, पद्याला 16. पत्र, बातमी, जाहिरात यांचे साचे पक्के केले की गुण पडतात. पण जूनमध्ये पत्राचा मायना शिकवायला घेतला की वर्षभर मराठी म्हणजे मायनाच होऊन बसतं. ते दिवाळीआधी करता येतं. म्हणून सुरुवात कवितेने करायची आणि पहिल्या पाठापासून क्रमाने जायचं नाही, असं ठरवलं.

पहिल्या दिवशी सगळ्यांना पुस्तकं काढायला सांगितली. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, नववीपासून विकत घ्यावी लागतात. त्यामुळे वर्गात बरीचशी पुस्तकं ताई-दादांची, खाकी कव्हरावर जुनं नाव खोडून नवं घातलेली. एका मुलीचं पुस्तक हातात घेतलं तर नारायण सुर्वे यांच्या कवितेशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असं बोर्डाच्या तीन मुद्द्यांतलं रसग्रहण आधीच लिहिलेलं. कविता वाचायच्या आत तिचं कौतुक तयार! त्याच ओळी शेजारच्या बाकावरच्या पुस्तकातही होत्या. गाईड एकच, दुसरं काय.

खोडरबर फिरवायला लावलं नाही. पुस्तकं मिटायला सांगितली आणि कविता मोठ्याने वाचली. मग पुन्हा वाचली, जरा सावकाश. कवितेत भट्टीत शेकलेलं पोलाद येतं, म्हणून नंतर विचारलं, भट्टी कोणी पाहिली आहे? एका मुलाचे वडील इथल्याच एका वर्कशॉपमध्ये आहेत. तो उठला. तापलेलं लोखंड आधी लाल दिसतं, मग पिवळट होतं, आणि लाल असतानाही हात लावायची हिंमत होत नाही, एवढंच सांगून खाली बसला. मागून एक मुलगी म्हणाली, "आमचे आजोबा ज्या कंपनीत होते, तिथे आता आयटीची बिल्डिंग आहे. आई तिथेच हाउसकीपिंगला जाते."

वर्ग गप्प झाला असं म्हणणार नाही, उलट एकदम गलका सुरू झाला. प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी बंद पडलेल्या कंपनीतलं निघालं. 1962 साली एमआयडीसीने वसवलेली ही वागळे इस्टेटची औद्योगिक वसाहत, तिची अर्धी हकिगत त्या तासाला मला पोरांकडून कळली. मी फक्त सांगितलं की सुर्वे गिरणीत राबले होते आणि 2010 साली ते गेले ते आपल्या ठाण्यातच. "म्हणजे जवळचेच की," एक जण म्हणाला.

मग वहीत चार-पाच ओळी लिहायला लावल्या. शुद्धलेखन यथातथाच होतं. ऱ्हस्व-दीर्घाची लाल खूण मुद्दाम केली नाही. तो वेगळा तास. पण गाईडमधली ओळ जेमतेम एक-दोन वह्यांत सापडली. बोर्डाच्या चौकटीत हे कसं बसवायचं, ते आता हळूहळू चाललं आहे : मुलांनी लिहिलेल्यातलंच एक वाक्य फळ्यावर घ्यायचं आणि हे आशयसौंदर्यात जाईल की काव्यसौंदर्यात, ते त्यांनाच ठरवायला लावायचं. वेळ फार जातो. नियोजनाच्या वहीत मी आताच मागे आहे, आणि मोठ्या बाईंनी वहीवर सही करताना ते पाहिलं आहे.

पुढच्या आठवड्यात ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात मुलांना नेण्याची परवानगी मागितली आहे. 1893 पासूनची संस्था, तीही रिक्षाच्या अंतरावर, आणि वर्गातल्या कोणीच पाहिलेली नाही. पाऊस आणि पालकांचं संमतिपत्र, दोन्ही जमलं तर जाऊ.