सांगलीत मुलांसाठी एक खोली मिळवताना

माझी कलाशिक्षिकेची शेवटची काही वर्षं तासगाव तालुक्यात गेली. तिथली बरीच मुलं दहावीनंतर सांगलीला येतात आणि विश्रामबागच्या आसपास खोली करून राहतात. कॉलेज, क्लास, मेस, परत खोली. निवृत्तीनंतर ती मुलं मला रस्त्यात भेटायची. "बाई, चित्रं काढायचं सुटलं," एवढंच म्हणायची आणि गप्प व्हायची. ते गप्प होणं मला बरं वाटेना.

वाचायला लागले तेव्हा २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला एक आकडा डोक्यात बसला. १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात चार जण. मी आयुष्यभर ६०-६० चे वर्ग घेतले आहेत, त्यामुळे ते चार बाक मला दिसायलाच लागले. आठवड्यातून एकदा संध्याकाळी मुलांनी यावं, हाताने काहीतरी करावं, वाटलं तर बोलावं, अशी खोली हवी असं तेव्हा ठरलं.

एका वाचनालयाचा माडीवरचा हॉल रिकामा असायचा. अर्ज दिला. कार्यकारिणीची मंडळी भली होती, पण पहिलाच प्रश्न आला, "बाई, शेवटी बसवणार काय?" सांगलीत हा प्रश्न यायचाच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीची सुरुवात इथेच केली. नाटककार देवल जवळच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. पोरं जमली म्हणजे तालीम, तालीम म्हणजे प्रयोग, आणि प्रयोग म्हटला की स्पर्धा नि ढाल. या गावाच्या नाटकवेडाचा मला अभिमानच आहे. पण जे मूल दर रविवारी क्लासच्या परीक्षेत कितवं आलं यावरच मोजलं जातं, त्याला मोजमाप नसलेली एक जागा लागते. चित्रकलासुद्धा त्याला एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडमधून आणि दहावीच्या वाढीव गुणांतूनच भेटलेली असते.

हे कार्यकारिणीला पटवायला दोन बैठका लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आहे. आजार टाळायला आणि उपचारांना जोड म्हणून कलेची मदत होते, असं त्यात मांडलं आहे. मी तो कागद घेऊन गेले. 'जोड' यावर मी स्वतःहूनच भर दिला. खोली म्हणजे दवाखाना नव्हे, हे आपणच आधी सांगितलं की लोक निश्चिंत होतात. परवानगी मिळाली. अटी दोनच होत्या, लाइट बिलाचा वाटा आम्ही द्यायचा आणि मुलं असताना दोन मोठी माणसं हजर हवीत. दुसरी अट त्यांनी घातली नसती तर मीच घातली असती. दार उघडं ठेवायचं, हाही नियम आम्ही त्याच दिवशी केला.

खरी तयारी पुढे होती. ओळखीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी आम्हा तिघा-चौघांना शिकवलं. मुलाच्या चित्राचा अर्थ लावायचा नाही. काळा रंग वापरला म्हणून घाबरायचं नाही. "तुझं बोलणं मी कुणालाही सांगणार नाही," असं वचन कधीच द्यायचं नाही. जिवाला धोका दिसला तर घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावंच लागतं, आणि हे मुलाला आधीच माहीत असायला हवं. सर्वांत अवघड धडा हा की मरणाचे विचार येतात का, हे शंका आली की सरळ विचारायचं. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट मुलाला सुटका झाल्यासारखं वाटतं. आम्ही ते वाक्य एकमेकींना विचारून सराव केला, कारण पहिल्यांदा तोंडातून निघतच नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर कायमचा लिहून ठेवला. तो फोन चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो.

पालकांचं म्हणणं साधं होतं, अभ्यास बुडेल आणि मुलींना परतायला उशीर होईल. म्हणून वेळ शनिवारी साडेपाच ते सात ठेवली आणि अठराच्या आतल्या प्रत्येक मुलासाठी पालकांची सही घेतली. गावाकडच्या पालकांना मी फोन केले. एका आईने विचारलं, "तिथं ती हसते का हो?" मला त्या बाईंचं फार वाटलं.

सुरुवातीला शाडू आणि कोळसा. मग एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक कारागीर आले. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांची ही घराणी, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तंतुवाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांनी तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा आवाज, कशी काढतात ते दाखवलं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानसेने जराशी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. आवाज उघडेपर्यंत हेच. एरवी पाच मिनिटांनी मोबाइल काढणारी मुलं कान देऊन बसली होती. "जास्त घासलं तर?" एकाने विचारलं. "तर नवी घोडी बसवायची," ते म्हणाले. तो मुलगा पुढचे कितीतरी शनिवार हाच विषय काढायचा.

दुसऱ्या एका मुलाबद्दल ओळख पटणार नाही इतकंच सांगते. तो बरेच दिवस काहीच काढायचा नाही, फक्त सगळ्यांचे ब्रश धुवायचा. आम्ही त्याला धुऊ दिले. एका संध्याकाळी नळाशीच म्हणाला, "बाई, मला झोपच येत नाही." पाठ केलेलं वाक्य मी तेव्हा विचारलं. त्याने हो म्हटलं. त्या रात्री तो एकटा राहिला नाही. वडील छाटणीचं काम टाकून आले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. "शेती विकू, पण याला बरं करा," असं वडील म्हणत होते. शेती विकावी लागली नाही. औषधं आणि समुपदेशन सुरू झालं आणि तो शनिवारी येतच राहिला. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं.

नोव्हेंबरमध्ये रंगभूमी दिनाला काहीतरी बसवा, असा कार्यकारिणीचा पुन्हा आग्रह झाला. मुलांनाच विचारलं. त्यांनी सुचवलं की आईबाबांना बोलवायचं आणि त्यांच्याच हातात माती द्यायची. पाच तारखेला पालक आले, बिचकत बसले. कार्यकारिणीचे अध्यक्षही बाह्या सरसावून बैल करत होते. निघताना त्यांनी हॉलची दुसरी किल्ली माझ्याकडे दिली.

आता कुपवाडच्या मुलांसाठी रविवार सकाळची खोली बघतोय. जागा जवळजवळ ठरली आहे. दर रविवारी न चुकता येईल असं दुसरं मोठं माणूस अजून मिळायचं आहे आणि ते मिळेपर्यंत आम्ही सुरू करणार नाही.