मार्गशीर्षातली बटेरं

नंदुरबारला गाडी थांबली तेव्हा नुकतं उजाडत होतं. एक जण दोन पोती घेऊन डब्यात चढला आणि पाचव्या मिनिटाला अख्खा डबा खोकायला लागला. पोत्यांत काय आहे ते विचारायची गरज नव्हती. डिसेंबरात इथल्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते आणि तिचा ठसका गावाच्याही आधी भेटतो.

मैत्रीण आणि मी वांद्र्याहून खानदेश एक्सप्रेसने निघालो होतो, सारंगखेड्याचा घोडेबाजार बघायला. तिचं माहेर शहादा तालुक्यात. दोंडाईच्याला उतरलो, तिचा भाऊ गाडी घेऊन आलेला होता. कापसाची शेतं, पपईच्या बागा, उसाच्या बैलगाड्या, मग तापीवरचा लांबलचक पूल. पूल ओलांडला की सारंगखेडा. दत्तजयंती होऊन आठवडा झाला होता, तरी एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग होतीच.

घोड्यांबद्दल फार लिहीत नाही, फोटो बघून घ्या. एकच सांगते. मारवाडी घोड्याचे कान आतल्या बाजूला वळलेले असतात, आणि त्याने ते ताठ केले की दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात. हे मी एका घोडीसमोर दहा मिनिटं उभी राहून बघितलं. शेवटी तिचा मालक म्हणाला, "ताई, घ्यायची आहे का?"

परतीच्या रस्त्यावर एका ढाब्याची पाटी दिसली: "तितर मसाला मिळेल." मी घरी पोचल्या पोचल्या ते सांगितलं, कारण मला वाटलं आता आबा खूश होतील. आबा म्हणजे मैत्रिणीचे वडील, वय पंच्याहत्तरच्या पुढे. ते खाटेवर उठून बसले.

"ते बटेर असलं तर गिऱ्हाइकाला फसवतोय. आन खरंच तितर असलं तर तुरुंगात जाईल."

तितर, लावा, भट तितर, सगळ्या रानपाखरांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मारलं तर तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. आबांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. हिवाळ्यात ज्वारीच्या धसकटांत तितरं उतरायची आणि घरात आठवड्याला एकदा तरी शिजायची. कायदा आल्यावर त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. "पण हात कुठे जमा करणार?" आबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

त्यांच्या हाताची सवय आता बटेरांवर चालते. जपानी बटेर 1974 साली परदेशातून उत्तर प्रदेशात, बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणलं गेलं. रानातल्या लाव्याचं ते चुलत भावंडच, पण पिंजऱ्यात वाढणारं. अंड्यातून सतरा-अठरा दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि पाच आठवड्यांत ते खायला तयार होतं. शेजारच्या गावात एकाने शेड टाकली आहे. आबांनी तिथून बारा आणवून ठेवली होती.

अडचण फक्त घरातल्या आजींची होती. त्या मार्गशीर्षातले गुरुवार करतात, महिनाभर घरात मांसमच्छी शिजू देत नाहीत. तो रविवार होता, पण महिना तोच. तोडगा घरात जुनाच आहे: मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, वेगळी पातेली, आणि रांधणार पुरुषमाणसं. आजी ओट्यावर वाती वळत बसल्या. हात लावायचा नाही असा त्यांचा नेम होता. बोलायचं नाही, असं त्यात कुठेच नव्हतं.

कापायचं काम आबांनी आम्ही उठायच्या आत उरकलं होतं. पुढचं मला करायचं होतं, मीच हट्ट धरला होता. पातेल्यातलं पाणी मला पुरेसं गरम वाटेना म्हणून मी चुलीत आणखी दोन पऱ्हाट्या सारल्या. कपाशीच्या वाळक्या काड्या त्या, भडकन पेटल्या. पहिलं बटेर बुडवलं, बाहेर काढलं, पिसं ओढली, आणि छातीवरची कातडी पिसांबरोबर हातात आली. ओल्या कागदासारखी.

"पानी जास्ती तापी गयं," ओट्यावरून आवाज. "हाऊ काय कोंबडा शे का?"

कोंबडीची कातडी जाड असते, ती उकळतं पाणी थोडा वेळ तरी सहन करते. बटेर जिवंतपणीच जेमतेम पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम, त्याची कातडी ती केवढी. आबांचं मोजमाप असं: पाण्यात बोट घालायचं, तीन म्हणेपर्यंत ठेवता आलं आणि चौथ्याला काढावंसं वाटलं की पाणी बरोबर. पाखरू पायाला धरून बुडवायचं, वीस-पंचवीस आकडे मोजायचे, मध्ये एकदा फिरवायचं. मग आधी पंखांची मोठी पिसं, कारण ती गार झाली की घट्ट बसतात. नंतर छातीवरची, चिमटीत थोडी थोडी धरून, दुसऱ्या हाताने कातडी ताणून. मूठभर ओढायला गेलं की फाटलंच. चौथ्या पाखरापासून मला जमायला लागलं. आबांची तोपर्यंत सात झाली होती.

रानातल्या तितराला मात्र पाणी लावतच नसत, असं ते म्हणाले. सरळ सोलायचं. छातीवर कातडीला चिमटा घेऊन फाडायची आणि अंगरखा काढावा तशी उतरवायची. बंदुकीने मारलेलं असलं तर आणखी एक काम वाढायचं. छर्रा आत जाताना पिसं घेऊन जातो. प्रत्येक भोकात सुरीचं टोक घालून ती पिसं आणि छर्रा काढायचा, काळं पडलेलं मांस कापून टाकायचं आणि उरलेलं मिठाच्या पाण्यात ठेवायचं. तरी एखादा राहायचाच. आबांची एक दाढ तशीच गेली आहे. ती हरवलेली दाढ त्यांनी मला तोंड उघडून दाखवली. म्हणजे जागा दाखवली.

पिसं निघाली तरी बारीक लव राहते. तिच्यासाठी पऱ्हाट्यांचा जाळ. धूर नाही, जाळच पाहिजे, नाहीतर मांसाला काजळीचा वास लागतो. पाखरू पाय आणि मान धरून जाळावरून फिरवायचं, थांबायचं नाही. मग हळद आणि ज्वारीचं पीठ चोळून धुवायचं. पिठाने काजळी निघते आणि बोटांना पकड येते. इथे बटेर पहिल्यांदा खाण्यासारखं दिसायला लागतं.

आता पोट. शेपटीच्या वर एक बारीक गाठ असते, तेलाची. ती आधी कापून टाकायची, नाहीतर रश्शाला उग्र वास येतो. गळ्याशी दाण्यांची पिशवी असते, ती बोटाने मोकळी करायची. मग छातीच्या हाडाखाली दोन बोटं जातील एवढीच चीर द्यायची, बोटं हाडाला लागून आत सारायची आणि आकड्यासारखी वळवून सगळं एकदम बाहेर ओढायचं. आबांच्या हातात ते एका झटक्यात येत होतं: काळीज, कलेजी, पेटा म्हणजे दाणे भरडणारी पिशवी, आतडी, एका माळेत.

माझ्या हातात माळ तुटली. कलेजीला चिकटून पित्ताची पिशवी असते, मुगाच्या दाण्याएवढी, गर्द हिरवी. मी कलेजी तिच्यापासून सोडवायला गेले आणि नख लागलं. बोटं हिरवी झाली.

"पित्त फुटनं!" आजींना ओट्यावरून ते कसं दिसलं, देव जाणे. "धू लवकर, नही ते कडू व्हई जाई."

ती कलेजी फेकली. पाखरू आबांनी तीन पाण्यांतून काढलं, पोटात मीठ चोळलं आणि म्हणाले की हे वेगळं ओळखून ठेवू, हे मी खाईन. पाहुण्याने केलेली चूक यजमान अशी गिळतो.

पेटे मी साफ केले आणि ते काम मला सगळ्यात आवडलं. शेंगदाण्याहून थोडा मोठा पेटा, मधे चीर दिली की आत दाणे आणि वाळू निघते. मग आतलं पिवळं अस्तर नखाने उचलून सोलायचं. सालीसारखं अख्खं निघतं, नीट धरलं तर.

मसाल्याची कृती वेगळी लिहीत नाही. कांदे आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विस्तवावर काळ्या होईपर्यंत भाजलेल्या, लसूण, आलं, कोथिंबीर, दगडफुलासकट खडा मसाला, पाट्यावर वाटलेलं. खानदेशात वांग्याच्या भाजीलाही हेच लागतं. फरक आगीचा आहे. बटेरात चरबी कमी. मसाल्याला तेल सुटल्यावर पाखरं अख्खी टाकायची, परतायची, वरून गरम पाणी, आणि वीस मिनिटांत चूल ओढून घ्यायची. मैत्रिणीच्या भावाने कुकरचं नाव काढलं तेव्हा आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो भाकरी आणायला आत निघून गेला.

कळण्याची भाकरी होती, उडदाची चव असलेली, आणि वरून कच्चा कांदा. छातीचं मांस बोटभर, पण कोंबडीपेक्षा गडद आणि हाडापर्यंत मसाला मुरलेला. काटे-चमचे निरुपयोगी, हाडं चोखायचीच. आबांनी ते कडू पाखरू खाल्लं. विचारलं तर म्हणाले, कुठे कडू आहे? अर्धं मात्र ताटातच राहिलं होतं. आजींनी ओट्यावर साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि आमची हाडं मोजली.

महिन्याभराने बोरिवलीत एका दुकानात बटेर मिळालं. सहा घेतली. दुकानदाराने विचारायच्या आत कातडी काढून, पोट साफ करून हातात ठेवली. घरी गॅसवर कांदा-खोबरं जाळलं, शेजारणीने दार वाजवून काही पेटलंय का विचारलं. रस्सा चांगला झाला. रात्री सांगायला फोन लावला तर आजींनी उचलला.

"पित्त फोडं का परत?"

नाही म्हटलं, या वेळी नाही. पण पेटे दुकानदारानेच ठेवून घेतले होते.