एका शब्दापायी अडकलेलं ऑपरेशन

अण्णांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला सोमवारी. गुरुवारी पोटरी तांबडी झाली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "धावरं आहे, लेप लावा." आम्ही लावला. तो एक दिवस मला अजून बोचतो.

रात्री अण्णा विव्हळायला लागले. पाय बघावा तर जरासा लाल, सुजलेला. दिसतं त्याच्या कितीतरी पट दुखतं, ही या रोगाची पहिली खूण, हे सर्जननी नंतर सांगितलं. सकाळी साखर ४१०, वरचं बीपी ८०. थेट आयसीयू. सिस्टरनी लालीच्या कडेने पेनाने रेषा मारली. दोन तासांत लाली चार बोटं पुढे. जांभळे फोड आले, दाबलं की कातडीखाली कुरकुर लागायची.

सर्जन म्हणाले, "नेक्रोटायझिंग फॅसायटिस, म्हणजे कातडीखालचं मांस झपाट्याने सडवणारा जंतुसंसर्ग. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू केलंय, जंतूंचं विष थांबवायला क्लिंडामायसिन दिलंय. पण मेलेल्या मांसात रक्तच जात नाही, मग औषध कसं पोचणार? ते कापूनच काढायचं, आत्ताच."

आणि मी अडकलो इन्शुरन्सच्या काउंटरवर. ॲडमिशनच्या वेळी फॉर्मवर लिहिलं होतं 'सेल्युलायटिस', म्हणजे कातडीचा जंतुसंसर्ग, जो बहुतेकदा औषधांनीच बरा होतो. कंपनीची क्वेरी आली: सेल्युलायटिसला ऑपरेशन कशासाठी? काउंटरवाले म्हणाले, "अप्रूव्हल येऊ दे, नाहीतर दीड लाख भरा." मी वर धावलो. रेसिडेंट डॉक्टरांनी पत्र दिलं. खाली आलो तर म्हणे शिक्का हवा. शिक्का कुलपात, किल्लीवाले जेवायला. परत वर, परत खाली. एक तास चाळीस मिनिटं! कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा, असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, २०२४ चा नियम आहे. तेव्हा माहीत असता तर तिथेच मोबाईलवर दाखवला असता. शेवटी सर्जन स्वतः खाली आले. "सही माझी, जबाबदारी माझी. पेशंट आत घेतोय."

म्हणून सांगतो, निदान बदललं की फॉर्मवरचा शब्दही त्याच क्षणी बदलून घ्या, 'इमर्जन्सी डिब्राइडमेंट' (मेलेलं मांस तातडीने कापून काढणं) असं स्पष्ट लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत नेऊन जखम तपासतात, उरलेलं मेलेलं मांस काढतात. तेव्हाही घाबरू नका. अण्णांना तीनदा नेलं, मग मांडीची कातडी लावली. पाय वाचला.

आणि हो, ती पेनाची रेषा. घरात कुणाला मधुमेह असेल आणि पाय लाल दिसला, तर लेप नको. रेषा मारा, शेजारी वेळ लिहा, आणि तसंच गाडीत बसवा.